ओटीला नेल्याने नेमकं काय होतं? एडीएचडी, झोपाळा आणि एक दप्तर

खूप दिवसांनी लिहितेय. मधे प्रोग्रेस सेमिनार होता, त्यानंतर गाईडने लाल रंगात रंगवून परत पाठवलेला चॅप्टर होता, आणि खरं सांगायचं तर आळसही होता. पण गेल्या महिन्यात ताईचा फोन आला आणि तिने जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर शोधताना मी इतकं वाचलं की ते इथे उतरवून ठेवावं असं वाटलं.

ताई सांगलीला असते. तिचा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. इथे त्याला बंड्या म्हणू. मागच्या वर्षी बालमानसोपचारतज्ज्ञांनी त्याला एडीएचडी असल्याचं सांगितलं आणि सोबत ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे ओटी सुरू करायला सांगितली. आठवड्यातून दोन सेशन, एकाचे आठशे रुपये, शिवाय जायचं-यायचं, ताईची अर्धी सुट्टी. सात महिने झाले. ताईचा प्रश्न साधा होता: "अगं, तू एवढं मेंदूचं शिकतेस ना, मग मला सांग, तो तिथे जाऊन झोपाळ्यावर झोके घेतो, बॉलवर उड्या मारतो. मजा येते त्याला. पण शाळेच्या डायरीत शेरे तेच. ह्याने खरंच काही होतं का, का मी नुसते पैसे घालवतेय?"

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही आणि थेरपिस्टही नाही. माझी पीएचडी लक्ष आणि वेळेचं भान ह्यांवर आहे, तीही प्रौढांमधल्या. त्यामुळे हा लेख सल्ला म्हणून नको, वाचलेलं समजावून सांगणं म्हणून घ्या.

सुरुवात नावापासून करते, कारण अर्धा घोळ तिथेच आहे. मराठीत ह्याला 'व्यवसायोपचार' म्हणतात. आता आठ वर्षांच्या पोराचा कसला व्यवसाय? पण इथे ऑक्युपेशन म्हणजे नोकरीधंदा नव्हे. माणूस दिवसभर ज्या ज्या गोष्टीत गुंतलेला असतो ते सगळं ऑक्युपेशन: आंघोळ, जेवण, खेळ, झोप, अभ्यास. मुलाच्या बाबतीत शर्टाची बटणं लावणं, डबा न सांडता खाणं, फळ्यावरचं वहीत उतरवणं, डबाऐसपैसमध्ये स्वतःचं राज्य येईपर्यंत थांबणं. थेरपीचा विषय ही कामं आहेत. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढे लागणार आहे.

जाता जाता एक गोष्ट, कारण मला स्वतःला ती माहीत नव्हती. भारतात ही विद्या सुरू झाली ती मुंबईच्या केईएम रुग्णालयात, १९५० साली. सुरू करणाऱ्या कमला निंबकर, म्हणजे अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर निंबकर झालेल्या बाई. फलटणची 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा त्यांच्याच नावाची. म्हणजे हे काही परवा परदेशातून आलेलं फॅड नाही, आपल्याकडे सत्तर वर्षांहून जास्त काळ चालू आहे.

आता एडीएचडी. 'लक्ष कमी' हे वर्णन मला फारसं पटत नाही. बंड्या डायनोसॉरच्या पुस्तकात दीड तास घुसून बसतो, हाक ऐकू येत नाही. अडचण येते ती लक्ष हवं तिथे, हवं तेव्हा वळवण्यात, एखादी गोष्ट मनात धरून ठेवण्यात, आणि पटकन उसळलेली कृती आवरण्यात. शिवाय ही लक्षणं एकाच ठिकाणी दिसून चालत नाही. घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी, सहा महिन्यांहून जास्त काळ, आणि वयाच्या १२ वर्षांच्या आधीपासून दिसली तरच निदान होतं. फक्त एका बाईंच्या तासाला दंगा करणाऱ्या मुलाला एडीएचडी नसतो, कदाचित त्या तासाला काहीतरी असतं.

मेंदूबद्दल एकच अभ्यास सांगते. फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एडीएचडी असलेल्या २२३ आणि नसलेल्या २२३ मुलांचे एमआरआय तुलनेला घेतले. मेंदूचं बाहेरचं आवरण, म्हणजे कॉर्टेक्स, बालपणात जाड होत जातं आणि एका टप्प्यानंतर पातळ व्हायला लागतं. ह्या जाडीचा शिखरबिंदू इतर मुलांत सरासरी साडेसातव्या वर्षाच्या आसपास आला, तर एडीएचडीच्या मुलांत साडेदहाव्या वर्षाच्या आसपास. क्रम तोच, फक्त तीन वर्षं उशिरा. हा उशीर कपाळामागच्या भागात सर्वांत जास्त होता, जो भाग आवर घालणं आणि नियोजन ह्यांत गुंतलेला असतो. गंमत म्हणजे हालचालीचा भाग ह्या मुलांत उलट थोडा लवकर पिकला होता. इंजिन लवकर तयार आणि ब्रेक उशिरा, असं मी ताईला सांगितलं. (ही सरासरी आहे हं. एका मुलाचा एमआरआय काढून एडीएचडी आहे की नाही ते सांगता येत नाही, कुणी तसं विकत असेल तर पाकीट बंद ठेवा.)

ह्यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. बंड्याला दप्तर कसं भरायचं ते माहीत आहे. विचारलं तर घडाघडा सांगेल. त्याला ते सकाळी सव्वासातला, मोजा शोधताना, बाहेर कुत्रा भुंकत असताना करता येत नाही. माहिती असणं आणि त्या क्षणी ती वापरता येणं ह्यांतली फट म्हणजे एडीएचडी, असं रसेल बार्कली हे मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. म्हणून त्याला पुन्हा पुन्हा 'समजावून' फायदा होत नाही. तो समजलेलाच आहे.

आता ओटीच्या खोलीत जाऊ. इथे ढोबळमानाने दोन वाटा दिसतात, आणि ताईच्या प्रश्नाचं उत्तर ह्या दोन वाटांच्या फरकात आहे.

पहिली वाट जीन एअर्स ह्या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टची. त्यांनी १९७२ मध्ये सेन्सरी इंटिग्रेशनवर पुस्तक लिहिलं. कल्पना अशी: डोळे-कानांखेरीज शरीराला आणखी संवेदना असतात. तोल सांभाळणारी, आतल्या कानातून येणारी एक, आणि हात-पाय कुठे आहेत, किती जोर लागतोय हे स्नायू-सांध्यांकडून कळवणारी दुसरी. ह्या सगळ्या माहितीची नीट सांगड मेंदूत बसली नाही तर मूल सैरभैर होतं. मग झोपाळा, उड्या, ढकलणं-ओढणं अशा खेळांतून ती सांगड बसवायची. बंड्याचा झोपाळा इथून आला.

कल्पना सुंदर आहे. पुरावा मात्र तेवढा भक्कम नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये ह्यावर निवेदन काढलं. त्यातला सूर संयत होता: अशा उपचारांचा एका मोठ्या योजनेचा भाग म्हणून उपयोग करायला हरकत नाही, पण परिणामांवरचं संशोधन थोडं आणि अनिर्णित आहे हे पालकांना सांगा. आणि एक अत्यंत व्यवहारी सूचना, की उपचार चालू असताना रोजनिशी ठेवून फरक पडतोय का ते पालकांनी मोजावं. त्यानंतर ऑटिझमच्या मुलांबाबत काही बरे, नीट आखलेले अभ्यास आले. एडीएचडीच्या मुलांबाबत मात्र झोपाळ्यामुळे वर्गातलं लक्ष सुधारतं असं छातीठोकपणे सांगता येईल असा पुरावा मला सापडला नाही. वजनाचे जॅकेट घालणं, ब्रशने त्वचा घासणं ह्यांबाबतही तेच.

हे ताईला सांगताना मला जड गेलं. सात महिन्यांचे पैसे तर आहेतच, पण त्याहून जास्त, ती त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून रोज जी आशा धरत होती तिला हात लावायचा होता. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे बंद करू?"

नाही. इथेच दुसरी वाट येते.

दुसऱ्या वाटेत आतली कुठलीतरी सांगड आधी दुरुस्त करून मग काम जमेल अशी वाट बघत नाहीत. थेट कामालाच हात घालतात. मला ह्यातली सर्वांत आवडलेली पद्धत कॅनडातल्या हेलेन पोलाताय्को आणि सहकाऱ्यांची, 'को-ऑप' नावाची. ती मूळ निघाली हालचालींत अवघडलेल्या मुलांसाठी, ज्याला डीसीडी म्हणतात. एडीएचडीच्या जवळजवळ निम्म्या मुलांना हीही अडचण असते असं बऱ्याच अभ्यासांत दिसतं, म्हणून वर्गातला 'धडपड्या' आणि 'गचाळ अक्षराचा' मुलगा अनेकदा एकच असतो.

पद्धत अशी. काय शिकायचं ते मूल स्वतः ठरवतं. थेरपिस्ट नाही, आई नाही. मग चार पायऱ्या: ध्येय, बेत, करून बघ, तपास. थेरपिस्ट उत्तर सांगत नाही, प्रश्न विचारत राहते. दप्तराचंच घेऊ. ध्येय: शाळेत गेल्यावर काही विसरलेलं नसावं. "बरं, मग काय बेत?" बंड्या म्हणतो, "नीट लक्ष देऊन भरेन." हा बेत नाही, ही शपथ आहे! थेरपिस्ट म्हणते, "चल, भरून बघू." भरतो. "तपास." कंपास राहिली. "का राहिली असेल?" "ती टेबलावर होती, दप्तर पलंगावर." "मग?" "सगळं एकाच जागी आणून मग भरतो." हा झाला बेत, आणि तो त्याचा आहे. पुढच्या वेळी तो मोडला तरी नवा बेत करायची रीत त्याच्या हातात राहते. दप्तर हे निमित्त, थांबून 'का जमलं नाही' असं स्वतःला विचारणं हे खरं शिक्षण.

डीसीडीमध्ये ह्या पद्धतीचा पुरावा चांगला आहे. एडीएचडीत अभ्यास छोटे आहेत, पण दिशा बरी आहे. इस्रायलमध्ये अदिना माएर आणि सहकाऱ्यांनी एडीएचडीच्या मुलांसाठीच 'कॉग-फन' नावाचा ओटीचा कार्यक्रम बनवला, ज्यात पालकही सेशनला बसतात आणि खेळातून थांबणं, बेत आखणं शिकवतात. त्याची चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याच्या पद्धतीने चाचणी झाली आणि फायदा दिसला. पालकांना बाहेरच्या बाकावर न बसवता आत घेणं, हे मला फार पटलं. आठवड्यातले दोन तास थेरपिस्टचे, बाकीचे सगळे घराचे.

मग हालचालीचं काय? झोपाळा गेला म्हणजे मुलाने गप्प बसावं का? मुळीच नाही, आणि इथे संशोधन फार मजेशीर आहे. फ्लोरिडातल्या मार्क रॅपोर्ट ह्यांच्या प्रयोगशाळेने २०१५ मध्ये ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांना एक काम दिलं: आकडे आणि एक अक्षर उलटसुलट ऐकायचं, मग आकडे चढत्या क्रमाने सांगून अक्षर शेवटी सांगायचं. म्हणजे वर्किंग मेमरीला पूर्ण ताण. मुलं किती हलतात तेही टिपलं. एडीएचडी असलेली मुलं जितकी जास्त हलली तितकं त्यांचं काम चांगलं झालं. एडीएचडी नसलेल्यांत उलट दिसलं. ह्यावरून हलण्यामुळेच काम सुधारलं असं सिद्ध होत नाही, दोन गोष्टी सोबत दिसल्या एवढंच. पण 'आधी नीट बस, मग अभ्यास' ह्या आपल्या लाडक्या वाक्यावर निदान प्रश्नचिन्ह तरी लागतं. बंड्याला पाढे म्हणताना उभं राहू द्यायला काय हरकत आहे?

ह्याच धाग्यात वर्गात खुर्चीऐवजी मोठ्या बॉलवर बसवण्याचा २००३ चा एक अभ्यास वारंवार उद्धृत होतो. मुलं जागेवर जास्त टिकली, वाचता येतील असे शब्द जास्त लिहिले. छान. किती मुलं होती? ३. तीन मुलांवरच्या अभ्यासाला कमी लेखत नाही मी, एकेका मुलाचं बारकाईने मोजमाप करण्याची ती एक रीतसर पद्धत आहे, पण तेवढ्यावर शाळेने चाळीस बॉल मागवू नयेत. आणि आपल्या वर्गात साठ पोरं, तीन-तीन एका बाकावर, तिथे बॉल ठेवणार कुठे?

औषधाबद्दल बोलल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. ताईने ओटीला इतकं धरून ठेवण्याचं एक कारण तिने नंतर सांगितलं: ओटी चालू आहे म्हणून औषध टाळता येईल अशी तिची समजूत होती. अमेरिकेत १९९९ मध्ये एमटीए नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५७९ मुलं, वय ७ ते ९, चार गट, १४ महिने. मूळ लक्षणं कमी होण्यात काळजीपूर्वक दिलेलं औषध हे वर्तन-उपचारांपेक्षा सरस ठरलं. दोन्ही मिळून दिलं तेव्हा मूळ लक्षणांत औषधापेक्षा फार वेगळा फरक नव्हता, पण नातेसंबंध, शाळेतली प्रगती अशा बाजूंच्या गोष्टींत थोडा फायदा दिसला. पुढे तिसऱ्या वर्षापर्यंत गटांमधला फरक विरून गेला, म्हणजे औषध ही कायमची किल्ली नाही. ह्या अभ्यासात ओटी नव्हती, तेव्हा ओटी हरली असा अर्थ काढू नका. पण ओटी हा औषधाला पर्याय आहे असंही कुणी दाखवलेलं नाही. दोघांची कामं वेगळी. औषध गलका कमी करतं, दप्तर भरायला शिकवत नाही. द्यायचं की नाही, किती, हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. मी ताईला एवढंच म्हटलं की भीतीने नको ठरवूस. सहा वर्षांखालच्या मुलांत मात्र आधी पालकांना वर्तन हाताळण्याचं प्रशिक्षण द्यावं, असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांचं मार्गदर्शक धोरणही सांगतं.

तर आम्ही काय केलं. ताईने पुढच्या सेशनला थेरपिस्ट मॅडमना तीन गोष्टी विचारल्या. बंड्याच्या रोजच्या दिवसातलं कुठलं काम आपण सुधारतोय? ते सुधारलं हे आपण कसं मोजणार? आणि घरी मी काय करू? मला वाटलं होतं मॅडम चिडतील. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, बहुतेक पालक मूल सोडून भाजी आणायला जातात, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मला हेच करायला आवडतं. झोपाळा आता शेवटची पाच मिनिटं असतो, बक्षीस म्हणून. बंड्याचा त्यावर काही आक्षेप नाही.

मोजायला एक दोनशे पानी वही. त्यात रोज एकच आकडा: दप्तरातल्या सहा वस्तूंपैकी किती पोचल्या. पहिल्या आठवड्याची सरासरी साडेतीन होती. ताईला ते बघून रडू आलं. मला आनंद झाला, कारण संशोधक असल्यामुळे बेसलाइन मिळाली की मला बरं वाटतं (हे तिला सांगितलं नाही).

घरात जे बदल केले ते दिसायला किरकोळ आहेत. यादी भिंतीवर नाही, दप्तराच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली, कारण आठवण ही जिथे काम होतं तिथे हवी, दुसऱ्या खोलीत नाही. "लवकर कर" बंद, त्याऐवजी स्वयंपाकघरातलं जुनं वाळूचं घड्याळ. पाच मिनिटं म्हणजे किती हे बंड्याला आतून कळत नाही, डोळ्यांनी सरकताना दिसलं तर कळतं. वेळेचं भान हा माझा विषय असूनही हे मला आधी सुचलं नाही, मॅडमना सुचलं. संध्याकाळी अभ्यासाआधी कणीक मळायचं काम त्याच्याकडे दिलंय. ह्याला शास्त्रीय आधार पातळ आहे हे मला माहीत आहे, पण पोळ्या होतात.

काही गोष्टी फसल्या. पेन्सिलवर लावायची रबरी पकड आणली होती, तो ती चावून खातो. शिवाय पेन्सिल धरायची एकच 'बरोबर' पद्धत असते हेही आता फारसं मानत नाहीत. अक्षर वाचता येतंय आणि हात दुखत नाही ना, एवढं पुरे. शाळेचं गाडं अजून अडलेलं आहे. बाईंनी पुढच्या बाकावर बसवायला हो म्हटलं, पण मधल्या सुट्टीत अपुरं लिखाण पूर्ण करायला लावणं थांबवलेलं नाही. ज्या मुलाला धावायची सर्वांत जास्त गरज, त्याचीच सुट्टी कापतात, ह्याचा मला राग येतो. कायद्याचा आधार शोधला तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. त्यामुळे सोबत अध्ययन अक्षमता नसेल तर शाळेपुढे दाखवायला हातात फारसं काही नसतं, बाईंच्या समजूतदारपणावर सगळं येऊन थांबतं. ताई आता मॅडमकडून शाळेसाठी एक पानी पत्र घेणार आहे, साध्या मराठीत, तीनच मागण्यांचं.

वहीतला परवापर्यंतचा आकडा: गेल्या आठवड्यात सहापैकी सरासरी पाच. ह्यात किती वाटा ओटीचा, किती वहीचा, किती नुसता मोठं होण्याचा, हे एका मुलावरून मला सांगता येणार नाही. सेशन आता आठवड्यातून एकच आहे. बंड्याने पुढचं ध्येय स्वतः निवडलंय: सायकल, मागची दोन छोटी चाकं काढून. बेतही तयार आहे. "मावशी, आधी उतारावर, कारण तिथे पायडल मारावं लागत नाही." मॅडम म्हणाल्या, तपासायला मी येते, तुम्ही गुडघ्याचं पॅड आणा.